काउंटरवरची चूक आणि शांत खोलीतली चाचणी

पत्र:
‘माझे मिस्टर ४२ वर्षांचे, तालुक्याच्या गावी पतसंस्थेत रोखपाल आहेत. सात महिन्यांपूर्वी दिवेलागणीला मोटरसायकलवरून घरी येताना रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून धडकले. हेल्मेट नव्हतं. दवाखान्याच्या कागदावर जीसीएस ११ लिहिलं आहे. मेंदूच्या पुढच्या भागात रक्त साकळलं होतं, ऑपरेशन लागलं नाही. अकरा दिवस आत होते. त्यातलं त्यांना काहीच आठवत नाही, घरी आल्यानंतरचंच आठवतं. आता सीटी साफ आहे. डॉक्टरांनी कागदावर एक चाचणी घेतली, तिच्यात ३० पैकी २७ आले. “आता काही नाही, कामाला लागा,” म्हणाले. पण कामावर गेल्यापासून तीनदा कॅश कमी आली, एकदा साडेचार हजार आम्ही पदरचे भरले. १६ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दोघं एकदम बोलले की चिडतात. चार वस्तू सांगितल्या तर दोन आणतात. परवा गॅसपासून दोन पावलांवर बसलेले असताना दूध उतू जाऊन करपलं, यांना पत्ता नाही. सकाळी बरे असतात, संध्याकाळी वेगळेच. सासूबाई म्हणतात, मुद्दाम करतो. व्यवस्थापकांना तर वेगळाच संशय आहे. झटके (फिट) येऊ नयेत म्हणून दिलेली फेनिटोईनची गोळी अजून चालू आहे. खरं काय ते कळेल अशी एखादी चाचणी आहे का? आणि ते गाडीची किल्ली मागतायत, देऊ का?’

ताई,

आधी सासूबाईंचं. तुम्ही लिहिलेल्या चुकांमध्ये मला मुद्दाम केलेलं काही दिसत नाही. पत्रावरून निदान होत नसतं आणि ते मी करणारही नाही. पण सकाळी बरे आणि संध्याकाळी वेगळे, एकटे असताना ठीक आणि दोघं बोलले की चिडचिड, ही तऱ्हा डोक्याला मार लागलेल्या माणसांच्या चाचण्या घेताना मी इतक्या वर्षांत पुन्हा पुन्हा पाहिली आहे. घरच्यांना वाटतं, सकाळी जमतं तर संध्याकाळी का जमू नये? जखमी मेंदूला तेच काम करायला जास्त ताकद लागते. दुपारपर्यंत ती संपते, आणि उरलेला दिवस ते रिकाम्या टाकीवर काढत असतात.

तुम्ही सहज लिहून गेलात ते एक वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं: दवाखान्यातले अकरा दिवस त्यांना आठवतच नाहीत. जीसीएस, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल, ही १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी बसवलेली मोजणी. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांवरून ३ ते १५ गुण देतात. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याखाली गंभीर. तुमच्या मिस्टरांची इजा त्या हिशेबाने मध्यम. पण हे गुण दवाखान्यात पोचले त्या वेळचे. अपघातापासून रोजच्या आठवणी सलग राहायला लागेपर्यंत किती दिवस गेले, हे दुसरं माप. त्या काळात माणूस जागा असतो, बोलतो, चहा पितो, पण काही साठवत नाही. हा काळ आठवड्याच्या वर गेला की इजा मोठी धरतात, आणि पुढे लक्ष, स्मरण, काम यांचं काय होईल याचा अंदाज अनेकदा सीटीच्या फोटोपेक्षा यावरून जास्त चांगला येतो. त्यांना स्पष्ट आठवणारी घरातली पहिली गोष्ट कोणती आणि ती कुठल्या तारखेची, हे त्यांच्याशी शांतपणे बोलून लिहून ठेवा. तपासणाऱ्याला ती तारीख हवी असते आणि बहुतेक वेळा ती कुणीच आणत नाही.

मग सीटी साफ कसा? सीटीत रक्त, हाड, सूज दिसते. वेगात आलेलं डोकं एकदम थांबलं की आत मेंदूला हिसका बसतो, आणि त्याच्या भागाभागांना जोडणारे अतिशय बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. ते सीटीत दिसत नाहीत. तुमच्या भागात पाटाचं पाणी असतं म्हणून त्यातलंच सांगते. पाट ठिकठिकाणी फुटलेला असला तरी रस्त्यावरून रान हिरवंच दिसतं. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत उशिरा आणि कमी पोचतं, हे बांधावर जाऊन उभं राहिल्यावर कळतं. लक्षाची तपासणी म्हणजे ते बांधावर जाणं.

आता ते ३० पैकी २७. तुमच्या वर्णनावरून ती मोका नावाची चाचणी असावी. दहा-बारा मिनिटांची चाळणी आहे, मराठीतही आहे, आणि तिच्यात २६ किंवा त्याहून जास्त गुण ठीक धरतात. चाळणी म्हणून ती चांगली. पण लक्षासाठी तिच्यात काय आहे? थोडे आकडे सुलटे-उलटे म्हणायचे, एक ठरावीक अक्षर ऐकलं की टेबलावर टिचकी मारायची, आणि शंभरातून सात-सात वजा करत जायचं. ताई, १६ वर्षं काउंटरवर बसलेल्या माणसाला त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी हे झोपेतही येईल! हाताला आणि जिभेला बसलेलं काम मार लागल्यावरही बऱ्याचदा शाबूत राहतं. त्या गुणांवरून काउंटरबद्दल काहीच ठरत नाही. ‘आता काही नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी चूक केली असं मी म्हणत नाही. त्यांनी जे तपासलं त्यात काही नव्हतं, इतकंच.

तुम्ही एकच चाचणी मागता. ती नाही, कारण ‘लक्ष’ ही एक वस्तू नाही. त्यांचं कामच डोळ्यांसमोर आणा. शंभराच्या नोटांचं बंडल मोजताना ऐंशीपर्यंत गाडी न घसरू देणं, हे लक्ष टिकवणं. बाजूच्या बाकावर दोघं दुधाच्या दरावर भांडतायत ते कानाबाहेर ठेवणं, हे लक्ष निवडणं. मोजता मोजता खिडकीतून ‘अहो, माझं पासबुक’ आलं, पासबुक दिलं, आणि पुन्हा बरोबर बासष्टवर येणं, हे लक्ष वळवून परत आणणं. आणि नोटा मोजत असतानाच भरणा स्लिपवरची रक्कम मनात धरून ठेवणं, हे लक्ष वाटणं. अमेरिकेतल्या सोलबर्ग आणि माटीर यांनी १९८७ मध्ये लक्षाची अशी उतरंड मांडली आणि पुनर्वसनात आजही ती वापरतात. तुमच्या मिस्टरांचं यातलं नेमकं काय दुखावलंय हे तपासणीतून कळायला हवं, कारण उपाय त्यावर ठरतो.

तपासणीच्या खोलीत काय होतं तेही सांगते, म्हणजे त्यांना घेऊन जाताना धास्ती वाटणार नाही. एका कागदावर गुलाबी आणि पिवळी वर्तुळं असतात, आत आकडे. रंग आलटून पालटून १ पासून २५ पर्यंत रेघ जोडत जायचं. हिला कलर ट्रेल्स म्हणतात. हिच्यात इंग्रजी अक्षरं लागत नाहीत, त्यामुळे मराठी माध्यमात शिकलेल्यांना मी हीच आधी देते. रेघ ओढताना हात कुठे थांबतो ते मी घड्याळापेक्षा जास्त बघते. एक गृहस्थ, पेशाने गवंडी, प्रत्येक वर्तुळापाशी पेन टेकवून पुढचा आकडा पुटपुटायचे, मग रंग पुटपुटायचे, मग हलायचे. चूक एकही नाही, पण लागायला हवा त्याच्या दुपटीहून जास्त वेळ. बायको बाहेर सांगत होती, ‘विचारलं की लगेच उत्तर देत नाहीत, ऐकतच नाहीत.’ ऐकत होते ते, पण आलेलं आत पोचायला वेळ लागत होता.

दुसरी एक कानाने करायची चाचणी आहे, पासॅट. न्यूझीलंडच्या डोरोथी ग्रॉनवॉल यांनी ती डोक्याला मार लागलेल्यांसाठीच पुढे आणली, त्यांचा त्यावरचा लेख १९७७ चा. दर तीन सेकंदांनी एक आकडा ऐकू येतो आणि प्रत्येक आकडा त्याच्या आधीच्या आकड्यात मिळवायचा. ३, मग ७: उत्तर १०. मग २ आला की १२ नाही, ९, कारण ७ अधिक २. मग ८ आला की १०. आपलंच उत्तर मधे लुडबुडतं, ते बाजूला सारून ऐकलेला आकडा धरून ठेवायचा असतो. घरात करून बघा, तुम्हालाही घाम फुटेल. ही चाचणी बारीकसारीक इजाही पकडते, पण माणसाला फार रडवते. म्हणून मी ती सगळ्यांना देत नाही, आणि दिली तर शेवटी देते. तिसरी एक संगणकावरची: १ ते ९ आकडे येत राहतात, प्रत्येकाला बटण दाबायचं, फक्त ३ आला की थांबायचं. साडेचार मिनिटांच्या आत संपते आणि अतिशय कंटाळवाणी आहे, मुद्दामच तशी केलेली. केंब्रिजच्या इयन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ती डोक्याला मार लागलेल्यांवर वापरली. त्यांच्या जास्त चुका झाल्या हे अपेक्षितच होतं. पण त्या चुकांचा घरच्यांनी सांगितलेल्या रोजच्या चुकांशी मेळ बसला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुम्ही जे रोज बघता तो पुरावा आहे, तक्रार नाही.

ऑस्ट्रेलियात पॉन्सफर्ड आणि किन्सेला या दोघींनी १९९२ मध्ये मोठा मार लागलेल्यांचं लक्ष बारकाईने तपासलं. सगळ्यात ठळक निघाला तो मंदावलेला वेग. पुरेसा वेळ मिळाला की बरीच कामं बरोबर होत होती. तुमच्या तीन कॅशच्या फरकांकडे मी याच नजरेने बघते. बाजारच्या दिवशी खिडकीसमोर रांग लागली की वेग गिऱ्हाईकं ठरवतात. सावकाश मोजणारा मेंदू घाईत ढकलला की नोट सुटते. व्यवस्थापकांच्या संशयाला हे उत्तर द्यायचं तर आधी तारखा काढा: तिन्ही फरक कुठल्या वारी, किती वाजता, रांग किती होती. बाजारच्या दिवशी दुपारनंतरचे निघाले तर ती चिठ्ठी तपासणीला नक्की घेऊन जा.

चाचणीच्या निकालावरही आंधळा भरवसा ठेवू नका. आमची खोली शांत असते. दार बंद, फोन बंद, समोर एकच माणूस, तोच सांगतो आता हे करा, आता थांबा. कपाळामागचा भाग दुखावलेल्या माणसाला स्वतः ठरवणं, स्वतः थांबणं, चूक झाली हे स्वतःच्या लक्षात येणं अवघड जातं, आणि त्या खोलीत हे सगळं त्याच्या वतीने मीच करत असते. म्हणून चाचणीत चांगले गुण आणि काउंटरवर गोंधळ, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. वर सांगितलेल्या त्या दोघींनीच १९९१ मध्ये १४ वाक्यांची एक यादी केली होती, रुग्णाला रोज बघणाऱ्याने भरायची. तशी यादी तुमच्याकडून भरून घ्यायला सांगा आणि जमलं तर पतसंस्थेतल्या एखाद्या विश्वासू सहकाऱ्याकडूनही. त्याआधी दोन आठवडे साध्या वहीत लिहा: काय झालं, किती वाजता, तेव्हा आसपास काय चाललं होतं, आदल्या रात्री झोप कशी होती. ‘लक्ष नव्हतं’ असं लिहू नका. ‘टीव्ही चालू, मुलगा प्रश्न विचारत होता, चहात दोनदा साखर घातली’ असं लिहा. वही त्यांच्यापासून लपवू नका. त्यांनाही एक द्या, आणि दोन वह्या जुळतात का ते तपासणाऱ्याला बघू द्या. त्यांना स्वतःच्या चुका किती दिसतात, हेही त्यातून कळतं.

आता दुधाकडे येते, कारण तिथे मला वेगळीच शंका आहे. दोन पावलांवर दूध करपतं आणि माणसाला कळत नाही, याला लक्षच कारण असेल असं नाही. पुढच्या भागाला मार लागला की वास नेणाऱ्या नाजूक नसा बऱ्याचदा तुटतात, आणि माणूस स्वतः ते सांगत नाही, ‘जेवणाला चव नाही’ एवढंच म्हणतो. डोळे मिटायला सांगा, एक नाकपुडी बंद करा, लवंग धरा, मग कॉफी, मग दुसऱ्या बाजूने. वास येत नसेल तर कान-नाक-घसा डॉक्टरांना सांगा, आणि त्यांना घरात एकटं ठेवून जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. गॅस सुटला तरी त्यांना कळणार नाही. ऐकूही नीट येतं का, एका वस्तूच्या दोन दिसतात का, हेही बघून घ्या. कमी ऐकणारा माणूस गर्दीत गोंधळतो आणि घरच्यांना वाटतं लक्ष नाही.

गोळीचंही विचारा. फेनिटोईनने विचार मंदावू शकतो. अपघातानंतर एकही झटका आला नसेल तर ही गोळी बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यापुरतीच लागते. पुढे चालू ठेवायला काही कारण असू शकतं, ते मेंदूच्या डॉक्टरांकडून समजून घ्या. पण ताई, स्वतःहून एक गोळीही चुकवू नका. अचानक थांबवली तर झटका येऊ शकतो. झोप, घोरणं, डोकेदुखी, मनाची उदासी, दारू यांतलं काहीही लक्ष खातं, आणि हे आधी सुधारलं तर चाचणी कशाची घेतोय ते तरी नीट कळतं. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या, गुंगी, एका बाजूची कमजोरी यांतलं काही दिसलं तर चाचणीची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना.

जायचं कुणाकडे? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी आहे का हे विचारायला संकोच करू नका. डोक्याच्या दुखापतीचं काम केलेलं आहे का, हेही विचारा. जिल्ह्यात नसेल तर मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेंदूविकार किंवा मनोविकार विभागात चौकशी करा. गुण कशाशी ताडून बघणार, हा प्रश्न नक्की विचारा. परदेशी पदवीधरांच्या सरासरीशी आपल्या माणसाची तुलना केली तर निकाल फसवा येतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार आणि मेंदूविकारांच्या संस्थेने २००४ मध्ये भारतीय लोकांवर बसवलेला चाचण्यांचा संच आहे, त्यात वय, शिक्षण, स्त्री-पुरुष यांप्रमाणे वेगवेगळे तक्ते दिले आहेत. आणि ‘सर्वसाधारण’ असा शेरा आला तरी तिथेच थांबू नका. १६ वर्षं पैचा फरक न येऊ दिलेल्या माणसाला सर्वसाधारण म्हणजे घसरणच असू शकते. त्यांची शिक्षणाची कागदपत्रं, कामाचा जुना शेरा, काही असेल ते सोबत न्या.

वेळ सकाळची घ्या. तीन-चार तासांचं काम असतं, दोन दिवसांत विभागून मागा. त्यातली एक बैठक दुपारची असली तर थकव्याचा फरकही दिसतो. महिन्याभरात दुसरीकडे त्याच चाचण्या पुन्हा करू नका. सरावाने गुण वाढतात आणि सुधारणा झाल्याचा भास होतो. नुकसानभरपाईचा दावा चालू असेल तर तेही आधीच सांगा. मग मेहनत मनापासून घेतली का हे पडताळणारी एखादी छोटी चाचणी आत असते. त्याचा अपमान वाटून घेऊ नका. उद्या कुणी ‘नाटक केलं’ म्हणालं तर तीच त्यांच्या बाजूने उभी राहते.

तपासणी होईपर्यंत त्यांना खिडकीवर बसवू नका. नोकरी सोडू नका, लांबची रजाही टाकू नका. व्यवस्थापकांना भेटा आणि तीन महिन्यांसाठी आतलं काम मागा. व्हाउचर तपासणं, खतावणी जुळवणं, एका वेळी एकच गठ्ठा, पाऊण तासाने दहा मिनिटं उठणं. व्यवस्थापक तयार नसतील तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि नंतर तपासणीचा अहवाल द्या. अहवालात नुसते गुण नकोत, ‘रांग असताना रोख हाताळू नये, शांत जागी सावकाश काम जमतं’ अशी सरळ वाक्यं हवीत, असं लिहिणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. घरी चार वस्तूंची चिठ्ठी करून द्या आणि बोलताना आधी टीव्ही बंद करा. सासूबाईंना तपासणीच्या दिवशी सोबत न्या. मी अनेक आयांना माझ्या खोलीत बसवून मुलाला ती गुलाबी-पिवळी रेघ ओढताना दाखवलंय. सांगून पटलं नाही ते तिथे पाच मिनिटांत दिसतं.

किल्ली सध्या तुमच्याकडेच राहू दे. मोटरसायकल चालवायला विचारांचा वेग, लक्ष वाटणं, बाजूने येणाऱ्याची दखल, सगळं एकदम लागतं, आणि झटक्याचा धोका किती उरलाय हेही अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यात डोक्याला दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा महागात पडेल. ‘देणार नाही’ असं म्हणू नका, ते भांडण होतं. ‘तपासणी होऊ दे, मग दोघं मिळून डॉक्टरांना विचारू’ म्हणा, आणि खरंच दोघं मिळून विचारा. डॉक्टर हो म्हणाले तर आधी रिकाम्या रस्त्यावर, दिवसाउजेडी, कुणीतरी सोबत घेऊन. तोवर कामावर एसटीने जाऊ द्या, किंवा सहकाऱ्याच्या मागे बसून. मागे बसणार असतील तर हेल्मेट दोन घ्यायला सांगा.